कुजबुजे एक दिवस गप्प बसला

पडदा वर जातो. सकाळचे पावणेसात. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. डावीकडे शिवणयंत्र, त्यावर फुलाफुलांचं झाकण. उजवीकडे खिडकी, खिडकीत वाळत घातलेला एकच पायमोजा. मधोमध खुर्चीवर एक बाई बसली आहे, केस विंचरून, प्रवासाला तयार. तिच्यासमोर जमिनीवर बसून एक सत्तरी ओलांडलेला गृहस्थ तिच्या बुटाची नाडी बांधतो आहे. दारात मी, हातात चहाचा थर्मास.

बाई तोंड उघडते. "थ... थ..."

"थर्मास," गृहस्थ मान वर न करता म्हणतो. "या बाईंनी आणलाय. चहा आहे त्यात, वाटेत घेऊ."

बाई तोंड मिटते.

"कुजबुजे," मी म्हणाले, "अजून उंबरा ओलांडला नाही आणि तुझी पहिली चूक झाली."

"चूक कसली? दिवस सात वाजता सुरू होणार असं ठरलंय. अजून पंधरा मिनिटं माझी आहेत."

हा कुजबुजे म्हणजे आमच्या नाटक कंपनीचा प्रॉम्प्टर. त्याचं खरं नाव वेगळं, पण ते मतदारयादीत आणि त्याच्या आईच्या तोंडीच राहिलं. एकेचाळीस वर्षं तो विंगेत एका बुटक्या स्टुलावर बसला. मांडीवर नाटकाची वही, हातात बोटाएवढी बॅटरी. रंगमंचावर आम्ही जे जे विसरलो ते ते त्याने आम्हाला परत दिलं. ती कुजबुज काय चीज होती हे आज सांगून पटायचं नाही. माझ्या कानात शब्द स्पष्ट पडायचा आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला नुसता पंखा फिरल्याचा भास व्हायचा. पूर्ण वाक्य तो कधी द्यायचा नाही. पहिला शब्द द्यायचा, फार तर दीड. "उरलेलं तुमचं तुम्ही बोला. टाळ्या तुम्हालाच मिळणार आहेत," म्हणायचा.

एका प्रयोगात नाटकातला माझा नवरा मरायला टेकलेला, आणि मरतानाचं वाक्यच त्याला आठवेना. कुजबुजेने शब्द दिला. पुन्हा दिला. गडी डोळे मिटून स्वस्थ. शेवटी त्या मरणाऱ्या माणसाने डोळे उघडले, वर बघितलं आणि म्हणाला, "जरा मोठ्याने बोल रे!" प्रेक्षकांत बायका रडायला लागल्या. त्यांना वाटलं, देवाला सांगतोय.

कुजबुजेची बायको आमचा कपडेपट सांभाळायची. तिला आम्ही टाचणी म्हणायचो, कारण तिचं तोंड कायम टाचण्यांनी भरलेलं. कपडा अंगावर चढवून ती आपल्याभोवती फिरायची, ओठांत आठ-दहा टाचण्या, आणि नुसतं "ह्म्म", "म्म्हं" चालायचं. आम्हाला काही कळायचं नाही. मग कोपऱ्यातून आवाज यायचा, "हात वर करा म्हणतेय." किंवा, "पोट आत ओढून माप देऊ नका म्हणतेय, प्रयोगात श्वास सोडाल तेव्हा बटणं तुटतील."

प्रॉम्प्टर दिवसा रिकामाच असतो. हळूहळू कुजबुजे फक्त कपडेपटाच्याच खोलीत रिकामा असायला लागला. एक दिवस टाचणीने माझ्या पाठीशी "म्म्म" केलं आणि तो म्हणाला, "मी रोज इथेच बसावं म्हणतेय." टाचणीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीत खोचल्या आणि म्हणाली, "मी असं काही म्हटलं नव्हतं. पण बसा."

वर्षभरात त्यांचं लग्न झालं.

पुढची सगळी वर्षं तेच चाललं. ती खुणेने बोलायची, तो शब्दाने. भाजीवाल्याशी तो बोलायचा, लेकीच्या शाळेतल्या बाईंशी तो बोलायचा, आणि ती शेजारी उभी राहून मान डोलवायची. आम्ही म्हणायचो, काय जोडी आहे! खरंच होती.

मग आठ महिन्यांपूर्वी टाचणीच्या मेंदूत रक्ताची बारीकशी गाठ अडकली. हात वाचला, पाय वाचला, काठी घेऊन चालायला लागली. शब्द मात्र गेले. म्हणजे आत होते, बाहेर येईनात. तीनच शब्द शाबूत राहिले: "अहो", "नको", आणि एक अशी सणसणीत शिवी, जी तिला येते हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

बोलण्याचे व्यायाम शिकवायला एक तरुण बाई यायला लागल्या. त्यांनी चित्र दाखवायचं, टाचणीने नाव सांगायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी छत्रीचं चित्र धरलं आणि खोलीत आवाज आला, "छत्री."

"आजोबा, तुम्ही बोललात."

"मी? माझे ओठ हललेले दिसले तुम्हाला?"

"नाही."

"मग झालं तर! तीच म्हणाली."

"त्यांचं तोंड बंद होतं."

त्यांनी त्याला बाहेर बसवलं. तो दाराच्या फटीतून द्यायला लागला. किटली, बदक, शिडी. दोन महिन्यांनी त्या बाईंनी हात टेकले आणि लेकीला फोन केला: तुमच्या आईला शब्द शोधायची गरजच पडत नाही, शोधायच्या आधी वडील आणून हातात ठेवतात. असंच चाललं तर त्या कधी बोलायच्या नाहीत.

लेक आठ तासांवरच्या गावात राहते. ती तडक आली. बापावर डोळे वटारून म्हणाली, "आईला मी घेऊन जाते. सहा महिने तरी."

कुजबुजेचा चेहरा असा झाला की मला बघवेना. "आणि मी इथे काय करू? भिंतींना वाचून दाखवू?"

"बाबा, तुम्ही एक दिवस तरी गप्प राहू शकता का? एक अख्खा दिवस?"

"न राहायला काय झालं?"

"राहून दाखवा. सात ते सात. तुमचं तुम्ही काय ते बोला, आईला शब्द द्यायचा नाही. जमलं तर आई इथेच राहील. नाही जमलं तर रविवारी मी गाडी घेऊन येते." मग माझ्याकडे वळून, "मावशी, तू पंच. आणि तू नटी आहेस म्हणून आधीच सांगते, माझ्यासमोर अभिनय करायचा नाही. झालं ते खरं सांगायचं."

हे सगळं टाचणीच्या समोरच ठरलं. ती ऐकत होती.

घरात बसून दिवस निघणार नाही, हे कुजबुजेला माहीत होतं. म्हणून त्यानेच सुचवलं, अधांतरी दगड बघायला जाऊ. बसने दीड तास, संध्याकाळपर्यंत परत.

अधांतरी दगड तुम्ही चित्रात पाहिला असेल. उघड्या माळावर, टेकडीच्या माथ्यावर एक दोनमजली घराएवढा गोल दगड ताटाएवढ्या जागेवर उभा आहे. वाऱ्याने आणि पाण्याने खालचा भाग झिजवत नेला आणि वरचा तसाच राहिला. आता पडेल, मग पडेल, असं म्हणत माणसं पिढ्यान्‌पिढ्या बघायला येतात. सगळे एकच करतात: दगडाखाली हात वर करून उभे राहतात आणि फोटो काढून घेतात, आपणच तो तोलून धरलाय असा.

आम्ही अडतीस वर्षांपूर्वी गेलो होतो, अख्खी कंपनी. दोन गावांच्या प्रयोगांमध्ये एक दिवस मोकळा मिळाला होता. टपावर पेट्या आणि सेट, आत आम्ही. खलनायक सगळ्या वाटेने गाणी म्हणत होता, आणि एरवी राणी होणारी मी खिडकीतून ओकत होते. तिथे पोचल्यावर आमच्या मालकांनी सगळ्यांना दगडाखाली ओळीने उभं केलं आणि "धरा रे!" म्हणून ओरडले. तो फोटो माझ्याकडे आहे. चौदा माणसं हात वर करून हसताहेत, त्यातली नऊ आता नाहीत. टाचणी मधोमध आहे, दोन वेण्या घातलेली, तोंडात टाचण्या नाहीत म्हणून ओळखू येत नाही. आणि उजव्या कडेला नुसतं एक कोपर आहे. ते कुजबुजेचं. विंगेची इतकी सवय की फोटोतही त्याला कडेच्या बाहेर उभं राहिल्याशिवाय चैन पडलं नाही.

बस सुटली तेव्हा सात वाजून पाच मिनिटं झाली होती. कुजबुजे खिडकीशी, टाचणी मध्ये, मी कडेला. खिडकीची काच खाली येत नव्हती आणि सकाळचा वारा सरळ आत. थोड्या वेळाने टाचणीने माझा हात धरला.

"थ... थ..."

मी पाहिलं, कुजबुजेच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबले. मी थर्मासकडे बोट दाखवणार होते, पण पंचालाही नियम असतो. थांबले. बस एक पूल ओलांडून गेली, एक शाळा गेली, तीन वळणं गेली.

"थंडी," टाचणी म्हणाली.

आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. सकाळी खुर्चीवर बसून तिला शाल हवी होती. ती घरात, खुंटीवरच राहिली.

कुजबुजेने आपला कोट काढून तिच्या खांद्यांवर घातला. मग माझ्याकडे झुकून म्हणाला, "बाई, आठ महिन्यांत मी तिला किती थर्मास दिले असतील हो?"

मी थर्मासचं झाकण पुन्हा घट्ट केलं.

तिथे पोचलो तर ही गर्दी! अडतीस वर्षांपूर्वी तिथे एक झाड आणि एक बाक होता. आता तिकिटाची खिडकी, लोखंडी कठडे, माथ्यापर्यंत पायऱ्या, टोप्या विकणारे, दगडाच्या आकाराचे पेपरवेट विकणारे. खिडकीतल्या माणसाने टाचणीला विचारलं, "किती जण?"

"ति..." टाचणी म्हणाली.

"तीन," कुजबुजे म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं.

"तो प्रश्न मलाही होता! तिघांत मी येत नाही का?"

"कुजबुजे!"

"बरं. धरा एक. पण अर्धीच धरा."

पायऱ्या चढण्याआधी त्याने टपरीवरून पेपरमिंटच्या गोळ्यांची पुडी घेतली आणि दोन्ही गालांत दोन-दोन कोंबल्या. माकडासारखे गाल फुगवून माझ्याकडे बघून मान डोलावली: आता बोलूच शकत नाही. सत्त्याहत्तर पायऱ्या. टाचणी काठी टेकत एक पायरी चढायची, थांबायची. तो एक पायरी मागे, दोन्ही हात पुढे, पण तिला न लावता. वाटेत ती बोलत होती. खरंच बोलत होती! "झा... झाड," म्हणाली. "वाढलं." मग, "बा... बाक. गेला." एका पोराच्या हातातून फुगा सुटून वर गेला तेव्हा तिची ती शिवी अशी खणखणीत आली की पोराच्या आईने कान झाकले. कुजबुजेच्या तोंडातून हसताना एक गोळी उडून कठड्यापलीकडे गेली.

मला वाटलं, जिंकला गडी. लेकीला काय सांगायचं ते मी मनात जुळवायलाही लागले. जाऊ दे ते तिकिटाचं.

माथ्यावर दगड होता तसाच होता. आम्ही मात्र किती बदललो होतो! मी खाली उभी राहून वर बघितलं आणि क्षणभर मला आमच्या मालकांचा आवाज ऐकू आला. नाटकवाल्यांचं हे असंच. जागा तीच दिसली की माणसं आपोआप उभी राहतात, वेशभूषेसकट.

फोटो काढणाऱ्या पोरसवदा इसमाने दोघांना दगडाखाली उभं केलं. मागे एक मोठं कुटुंब आपल्या पाळीसाठी खोळंबलेलं. कुजबुजे सवयीने कडेला सरकला.

"आजोबा, आत या, कापले जाताय."

टाचणीने त्याची बाही धरून त्याला आत ओढलं.

"आता हात वर करा. दगड धरल्यासारखा. आजी, तुम्ही पण."

टाचणीने काठी माझ्याकडे दिली. हात वर केले. आणि तसेच वर ठेवून म्हणाली, "अहो."

"काय गं?" त्याच्या गोळ्या संपल्या होत्या.

"मला."

पुढचं येईना. तिने मान हलवली, पुन्हा सुरुवात केली. "मला... ले..."

कुजबुजेने डोळे मिटून घेतले. ते का, हे मला कळलं. तो ओठ बघून शब्द ओळखतो. ओठ दिसले की त्याच्या तोंडून शब्द निघणारच. म्हणून त्याने दिवे घालवले.

"ले... ले..."

"आजी, इकडे कॅमेऱ्याकडे..."

मी हात वर केला. तीस वर्षं या हाताने हजार माणसांची सभागृहं शांत केली आहेत. फोटोवाला गप्प झाला.

"लेकी... कडे," टाचणी म्हणाली.

आता एकच शब्द उरला होता, आणि तो तिला झोपेतही येणारा. "नको." लेकीकडे नको. आठ महिन्यांत औषधाला, भाताला, पाहुण्यांना तिने शंभरदा म्हटलेला शब्द. तो यायला इतका वेळ का लागावा? तिचे हात वर होते, ओठ आवळलेले होते. कुजबुजे डोळे मिटून उभा. त्याच्या कपाळावर घाम आलेला. त्यालाही तोच प्रश्न पडला असणार, कारण त्याचा रंग उतरत चाललेला मी पाहिला.

"जा... जायचंय."

कुजबुजेने डोळे उघडले नाहीत.

"इथं... तुम्ही... सगळं सो... सोपं करता." तिने दम खाल्ला. "मला... अव... अव..."

मागच्या कुटुंबातली एक बाई कळवळून पुढे झाली. "अवजड? अवजड वाटतंय का आजी?"

"श्श!" कुजबुजे मिटल्या डोळ्यांनी ओरडला. आयुष्यात इतक्या मोठ्याने बोललेला मी त्याला ऐकला नव्हता. "बोलतेय ना ती!"

"अवघड," टाचणी म्हणाली. "अवघड हवंय."

तिने हात खाली घेतले आणि त्याच्या गालावर ठेवले. फोटोवाल्याने तेवढ्यात बटण दाबलंच. त्या फोटोत दगड कुणीच धरलेला नाही.

कुजबुजेने डोळे उघडले. मग विचारलं, "किती?"

"दोन."

"दोन दिवस!" त्याचा चेहरा एकदम उजळला.

टाचणीने नकारार्थी मान हलवली. "म... महिने."

'दिवस' हा शब्द त्याने दिला होता, पण ही चूक मी मोजली नाही. कोण मोजेल?

उतरताना ती पुढे, तो मागे, मी त्याच्या शेजारी. मी हळूच म्हटलं, "कुजबुजे, लेकीला मी सांगू शकते की तू पैज जिंकलास. खरंच जिंकलास. मग न्यायचा प्रश्नच येत नाही."

"बाई, पैज माझी आणि पोरीची होती," तो म्हणाला. "हिला कुणी विचारलंच नव्हतं." दोन पायऱ्या उतरल्यावर थांबला. "मला ठाऊक होतं हो ती काय म्हणणार ते. जायचं नाही, असंच म्हणणार. मी पैजेवर सांगितलं असतं. आणि सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती, नेहमीसारखी. आणि राहिली असती."

खाली बाकावर बसून मी लेकीला फोन लावला. खरं तेच सांगितलं: तिकिटाच्या खिडकीशी एकदा घसरला, बाकी आत्तापर्यंत पाळलं, आणि तुझी आई तुझ्याकडे यायचं म्हणते, स्वतःच्या तोंडाने. मग ती म्हणाली, "मावशी, बाबा कसे आहेत?"

मी बघितलं. बाबा टपरीसमोर उभे होते. टपरीवाला टाचणीला विचारत होता, काय देऊ, आणि ती शोधत होती, आणि बाबा पाठमोरे होऊन दूरच्या डोंगरांकडे बघत उभे होते, हात मागे बांधून.

"बरा आहे," मी म्हणाले. "शिकतोय."

परतीच्या बसमध्ये टाचणी खिडकीशी बसली, तो मध्ये. वाटेतलं सगळं ऊन पिवळं झालेलं. तिने त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. शहराचे पहिले दिवे दिसेपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. मग तिच्या अंगावरचा कोट नीट केला आणि म्हणाला, "हे बघ, जायचं तर जा. पण बॅग लहान घे हं. मोठी घेतलीस की मुक्काम वाढतो."